नेम आणि माग : हरणावर लांब पल्ल्यावरून गोळी झाडण्याचा नीतिविचार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांच्याकडे मी तीन वर्षे संस्कृत शिकलो. पुढे पोटापाण्यासाठी भौतिकशास्त्र शिकवले. पण वाद कसा घालावा हे मी भौतिकशास्त्राकडून शिकलो नाही, या इमारतीतल्या संस्कृतच्या तासाला शिकलो. शाकुंतलाच्या पहिल्या अंकाशी आले की गुरुजी पुस्तक मिटून ठेवीत आणि विचारीत, "राजाने बाण सोडायचा का नाही? आश्रमाचे हरीण म्हणून, का हरीण म्हणून?" वर्गात दोन तट पडत. तास संपे, वाद संपत नसे. आजचा विषय कुणाला विचित्र वाटेल. पण तो त्या प्रश्नाचाच पुढचा भाग आहे असे मी समजतो, आणि म्हणूनच संस्थेने विषय विचारला तेव्हा संकोच न करता तो कळवला.

विषय असा : शिकारीला जेथे कायद्याची मुभा आहे, तेथे पाचशे-सातशे वारांवरून हरणावर गोळी झाडणे योग्य की अयोग्य?

आपल्या देशात हा प्रश्न व्यवहारात उरलेला नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपले. ही गोष्ट चांगली झाली असे माझे स्पष्ट मत आहे. येथून जवळच कुनोच्या जंगलात सप्टेंबर २०२२ मध्ये चित्ते आणून सोडले, तेव्हा त्यांना खायला चितळे पुरतील का याची चर्चा आपण वर्तमानपत्रांत वाचली. हरणांच्या संख्येची काळजी वाहणारा समाज आणि हरणांच्या संख्येने बेजार झालेला समाज यांचे प्रश्न वेगळे असतात.

पण लष्करातल्या जुन्या वाड्यांमध्ये जे वाढले त्यांना ठाऊक आहे की दिवाणखान्याच्या भिंतीवर काळविटाची पिळदार शिंगे असत, सांबराचे मुंडके असे आणि त्याखाली पितळी पट्टी. आम्हां मुलांना त्या काचेच्या डोळ्यांची भीती वाटे. त्या भिंतींशी आपले नाते पूर्णपणे तुटलेले नाही. शिवाय या शाळेची मुले आता जगभर आहेत. माझा एक भाचा याच शाळेत शिकला आणि गेली अनेक वर्षे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नोकरी करतो. तेथे शरद ऋतूत हरणाची शिकार करणे हे आपल्याकडे हुरड्याला शेतावर जाण्याइतके साधे मानले जाते. त्याने परवाना काढला, रीतसर शिक्षण घेतले, आणि दोन-तीन वर्षांनी मला लिहिले, "मामा, तुम्ही आम्हाला प्रक्षेप्य शिकवलेत. आता एवढे सांगा, गोळी तिथवर पोचते म्हणून ती सोडावी का?"

या पत्राला उत्तर द्यायला मला बराच काळ लागला. ते उत्तर आज येथे थोडे विस्ताराने मांडतो.

प्रथम एक आक्षेप बाजूला ठेवू. हरीण मारणेच पाप असेल, तर ते किती अंतरावरून मारले हा प्रश्न पोकळ आहे, असे म्हणणारे या सभागृहात निश्चित असतील. त्यांच्या भूमिकेचा मला आदर आहे. तथापि आपल्या परंपरेतही हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेले दिसतात. महाभारताच्या आदिपर्वात पांडुराजा हरणाच्या रूपातल्या किंदम ऋषीला बाण मारतो, तेव्हा मरता मरता तो ऋषी राजाशी वाद घालतो. राजे मृगया करतातच, असा पांडूचा बचाव. त्यावर ऋषीचे म्हणणे असे की मारल्याबद्दल माझा दोषारोप नाही. कोणत्या क्षणी आणि कसे मारलेस याबद्दल आहे. मारण्याची परवानगी मिळाली तरी मारण्याची रीत मोकळी सुटत नाही, हे तेथे स्पष्ट म्हटले आहे. मी बोलणार आहे तो या रीतीबद्दल.

अमेरिकेची परिस्थितीही थोडक्यात सांगितली पाहिजे. १९०० च्या सुमारास तेथे पांढऱ्या शेपटीची हरणे बेसुमार बाजारू शिकारीमुळे पाच लाखांच्या आसपास उरली होती. नंतर कडक कायदे झाले. १९३७ साली बंदुका व काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनाकडे वळवणारा कायदा झाला. आज ही हरणे सुमारे तीन कोटी आहेत. लांडगा बहुतेक मुलुखांतून गेलेला. तेव्हा हरणे मर्यादेत ठेवण्यासाठी मोसमी शिकार हा तेथील सरकारी व्यवस्थेचाच भाग आहे, आणि शिकारी मांस घरी नेऊन खातात. शिकार करावी की नाही हा वाद तेथेही आहे. पण लांब पल्ल्याचा वाद शिकाऱ्यांच्या आपसांतला आहे, म्हणून तो मला अधिक प्रामाणिक वाटतो. ज्याला स्वतःचा छंद प्रिय आहे तोच जेव्हा स्वतःला आवर घालू पाहतो, तेव्हा ते ऐकण्यासारखे असते.

आता माझा स्वतःचा प्रांत. विद्यार्थी मित्रांनी कागद-पेन्सिल घ्यावी.

हरणाच्या शिकारीची सर्वसाधारण गोळी नळीतून सेकंदाला ८५० ते ९०० मीटर वेगाने सुटते. हवेच्या विरोधाने वेग उतरत जातो, त्यामुळे पाचशे वार, म्हणजे सुमारे ४५७ मीटर जायला तिला ०.६ सेकंदाच्या आसपास लागतात. हजार वारांना साधारण दीड सेकंद. नववीतले सूत्र लावा : अर्धा गुणिले g गुणिले t वर्ग. ०.६ सेकंदात गोळी नळीच्या रेषेपासून पावणेदोन मीटर खाली येते आणि दीड सेकंदात अकरा मीटर, म्हणजे तीनमजली घराएवढी. या पडण्याचा हिशेब मात्र आता सुटलेला आहे. लेसरने अंतर मोजता येते, दुर्बिणीवरची चकती फिरवून तेवढी उंची देता येते. गुरुत्वाकर्षण इमानी आहे. ते कधी फसवत नाही.

वारा तसा नाही. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत राहतील एवढा, पाचशे वारांवर गोळीला सुमारे अर्धा मीटर बाजूला नेतो. आणि दरीच्या या काठावर एक वारा असतो, मध्ये दुसरा, पलीकडे तिसरा. नेमबाजाला फक्त स्वतःच्या गालावरचा वारा कळतो. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे ज्या भागात असतात त्याचा व्यास वीस ते पंचवीस सेंटिमीटर, जेवणाच्या ताटाहूनही लहान. वाऱ्याचा अंदाज तिसऱ्या हिश्श्याने चुकला तरी मध्यावर धरलेली गोळी त्या भागाच्या कडेला किंवा बाहेर पडते. बाहेर म्हणजे पोटात, मांडीत, जबड्यात.

परंतु माझ्या मते खरा मुद्दा वाऱ्याचाही नाही. वारा वाचायला माणूस शिकू शकेल, उद्या एखादे यंत्र तेही काम करील. मुद्दा आहे त्या ०.६ सेकंदाचा. गोळी आवाजाच्या पुढे धावते, त्यामुळे हरणाला काहीच ऐकू आलेले नसते. ते घाबरून हलत नाही. पुढच्या गवताच्या झुबक्याकडे एक पाऊल टाकावे असे त्याला वाटते, एवढेच. रमतगमत चालणारे हरीण तेवढ्या वेळात पाऊण मीटर पुढे जाते. चाप ओढला तेव्हा खांद्यामागे धरलेला नेम आता पोटावर आहे. नेमबाज निर्दोष, बंदूक निर्दोष, वारा स्तब्ध, आणि तरीही हरीण सहा-आठ तास तडफडून मरेल. शंभर वारांवर गोळीला सेकंदाचा नववा-दहावा भाग लागतो. तेवढ्यात हरीण फार तर बोटभर-वीतभर सरकेल. पाचशे वारांवर मात्र हरणाच्या मनात काय येईल यावर सारे अवलंबून राहते. आणि हरणाचे मन मोजणारी चकती कोणत्याही दुर्बिणीवर नाही.

२०१७ च्या नोव्हेंबरात मी भाच्याकडे राहायला गेलो होतो. त्याच्याबरोबर आणि त्याच्या एका स्नेह्याबरोबर एक दिवस डोंगरात गेलो. माझ्या हातात अर्थातच दुर्बिणीखेरीज काही नव्हते. दुपारी तीनच्या सुमारास दरीपलीकडच्या उतारावर मोठ्या कानांच्या त्या पहाडी हरणांपैकी एक नर दिसला. स्नेह्याने लेसर लावला : ६४० वार. तो जमिनीवर पालथा झाला, बंदूक तिकाटीवर ठेवली, चकती फिरवली. माणूस अनाडी नव्हता. लोखंडी पत्र्यावर याहून लांबचे नेम त्याने माझ्यादेखत धरले होते. बार झाला. हरीण किंचित दचकल्यासारखे दिसले आणि चार उड्यांत कड्याआड गेले.

"चुकली," तो म्हणाला, आणि काडतुसाची पुंगळी उचलून खिशात घातली.

भाचा म्हणाला, "पलीकडे जाऊन पाहू या." स्नेह्याला ते पटले नाही, पण भाचा निघाला, म्हणून तोही निघाला. दरी उतरून पलीकडे चढायला आम्हाला सव्वा तास लागला. तेथे पोचल्यावर जे कळले ते मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. हरीण जेथे उभे होते ती जागाच सापडेना. अलीकडून जे एकुलते एक झुडूप वाटत होते, तशी पलीकडे तीस झुडपे होती. आमच्या मूळ जागेकडे वळून पाहिले तर तीही ओळखू येईना. अर्धा तास शोधल्यावर भाच्याला गवतावर आखूड करड्या केसांचा पुंजका आणि नखाएवढा रक्ताचा डाग मिळाला. मग आणखी एक, वीस पावलांवर. मग अंधार पडला आणि बर्फ भुरभुरू लागले. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत आम्ही तिघांनी ते खोरे पालथे घातले. काही मिळाले नाही.

त्या स्नेह्याला दुष्ट ठरवण्यासाठी मी हे सांगितलेले नाही. "चुकली" हा शब्द तो खोटे बोलला नव्हता. त्या अंतरावरून त्याला तसेच दिसले. शंभर वारांवर गोळी लागल्याचा थप्प असा आवाज ऐकू येतो, हरीण कसे वाकले ते दिसते, कुठल्या झाडाआड गेले ते लक्षात राहते, पाच मिनिटांत माणूस त्या जागी उभा असतो. सहाशे वारांवर आपण चुकलो की घायाळ केले, हेच कळत नाही. आणि सव्वा तासाची चढण समोर असली की मन नकळत सोयीच्या उत्तराकडे झुकते. भाचा नसता तर ती गोळी "चुकलेली" म्हणूनच त्या माणसाच्या आयुष्यात जमा झाली असती. अशा किती गोळ्या जमा होत असतील याचा हिशेब कोणाकडेच असू शकत नाही, कारण हिशेब ठेवणाराच तेथवर गेलेला नसतो.

लांब पल्ल्याच्या समर्थकांचे म्हणणेही न्यायाने मांडले पाहिजे. ते म्हणतात, आडदांड हौशी माणूस शंभर वारांवरून धावत्या हरणावर धाडधाड तीन बार काढतो, त्यापेक्षा सरावलेल्या हाताने चारशे वारांवरून शांत, बेसावध हरणावर सोडलेली एक गोळी अधिक दयाळू नव्हे काय? हा युक्तिवाद मला पहिल्या भागापुरता मान्य आहे. हरणाजवळ गेलेला प्रत्येक माणूस काही साधू नसतो. पण वाईट जवळच्या नेमाशी चांगल्या लांबच्या नेमाची तुलना करून काही सिद्ध होत नाही. तोच सरावलेला हात आणखी दोनशे वार पुढे सरपटत गेला असता तर, एवढाच प्रश्न विचारायचा. बहुतेक वेळा त्याचे उत्तर असते की हरीण बुजले असते आणि रिकाम्या हाती परतावे लागले असते. म्हणजे लांबचा बार हरणाच्या दयेपोटी नसून रिकाम्या हाताच्या भीतीपोटी आहे. त्यांचा दुसरा युक्तिवाद असा की निसर्गातले मरणही सुखाचे नसते. कडाक्याच्या थंडीत उपासमारीने हरणे मरतात, लांडगे जिवंतपणी फाडतात. हे खरेच आहे. मात्र लांडग्याने परवाना घेतलेला नसतो.

या वादात शिकाऱ्यांच्याच एका जुन्या संस्थेचे मत मला महत्त्वाचे वाटते. थिओडोर रूझवेल्टने १८८७ साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने 'न्याय्य पाठलाग' ही कल्पना रुजवली : जनावराला निसटण्याची खरीखुरी संधी राहिली पाहिजे. लांब पल्ल्याविषयी या क्लबने वारांचा आकडा ठरवून दिलेला नाही. त्यांनी हेतूवर बोट ठेवले. आपले हत्यार आणि आपला नेम कुठवर जातो हे जिवंत प्राण्यावर आजमावायचे असेल, तर त्या कृतीला शिकार हा मान देऊ नये, असा त्यांच्या भूमिकेचा आशय आहे.

हे वाचताना मला द्रोणाचार्यांची परीक्षा आठवली. पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो असे अर्जुन म्हणाला, ही गोष्ट बालवाडीपासून सर्वांना पाठ आहे. पण तो पक्षी कारागिरांकडून करवून घेतलेला, कृत्रिम होता, हे किती जणांच्या ध्यानात असते? नेमाची परीक्षा घ्यायची तर लक्ष्य बनवून घ्यावे, ही समज महाभारतकारांना होती. स्कॉटलंडच्या डोंगरांत तांबड्या हरणांच्या शिकारीला पाहुणा आला की तेथला व्यावसायिक शिकारी त्याला आधी कागदी किंवा लोखंडी निशाणावर गोळ्या झाडायला लावतो आणि मगच डोंगरावर नेतो. तेथेही पुष्कळदा पाहुण्याला पोटावर सरपटत, ओल्या दलदलीतून, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने जवळ नेले जाते, आणि बार काढायचा की नाही हे तो व्यावसायिक ठरवतो. पाहुण्याच्या खिशातल्या पैशाला तेवढ्या क्षणापुरती किंमत नसते.

कौटिल्याने मृगयेला व्यसनांत गणले. पण द्यूताशी तुलना करताना त्याने मृगयेचे गुणही सांगितले : शरीराला व्यायाम होतो, चल आणि स्थिर लक्ष्याचा अभ्यास होतो, भय आणि क्रोध यांत प्राण्यांचे मन कसे चालते याचे ज्ञान होते. कालिदासाचा सेनापती दुसऱ्या अंकात साधारण हेच बोलतो. गुरुजी त्याला खुशमस्कऱ्या म्हणत, ते सोडा. या यादीतले किती गुण सहाशे वारांवर शिल्लक राहतात ते पाहा. व्यायाम नाही, कारण माणूस पालथा पडलेला. चल लक्ष्य नाही, कारण हललेल्या हरणावर एवढ्या लांबून नेम धरताच येत नाही. प्राण्याच्या मनाचे ज्ञानही नाही, कारण त्याला आपला वासही लागलेला नसतो. विसावर नेलेल्या दुर्बिणीतून सहाशे वारांवरचे हरीण तीस वारांवर असल्यासारखे दिसते. रवंथ करणारा जबडासुद्धा दिसतो. पण ही जवळीक एकतर्फी आहे. दुष्यंताच्या रथापुढचे हरीण मान वळवून राजाकडे पाहू शकत होते.

जुन्या संस्थानी शिकारींचे मी गोडवे गात आहे असे कोणी समजू नये. त्या हाक्यांत शेकडो हाकारे ढोल-डबे वाजवीत जनावरे मचाणापुढे आणून सोडीत, आणि त्यात नीती कमी व दरबार अधिक होता. नेम धरणारा एक आणि जखमी जनावराच्या मागावर जाणारा दुसरा, बहुधा गरीब आदिवासी, अशी ती व्यवस्था. तरीही घायाळ जनावर तसेच सोडून यायचे नाही हा दंडक त्या काळच्या जाणत्या शिकाऱ्यांनी मानला, आणि त्यामागे केवळ कनवाळूपणा नव्हता. जिम कॉर्बेटने लिहून ठेवले आहे की वाघ नरभक्षक होण्यामागे पुष्कळदा निष्काळजीपणे झाडलेली आणि माग न काढता सोडून दिलेली गोळी असते. १९०७ साली त्याने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे वरचे व खालचे सुळे जुन्या गोळीने मोडलेले होते. नेहमीचे सावज धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली. तिच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. कुणीतरी कधीतरी एक बार काढला आणि "चुकली" म्हणून घरी गेला. जखमी हरीण नरभक्षक होत नाही, एवढाच काय तो फरक. त्यामुळे त्याची नोंद होत नाही.

अल्डो लिओपोल्ड हा अमेरिकन वनशास्त्रज्ञ स्वतः शिकारी होता. त्याचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते : शिकाऱ्याला प्रेक्षक नसतात; टाळ्या वाजवायला किंवा निषेध करायला डोंगरात कोणी नसते, म्हणून त्याचे आचरण सर्वस्वी त्याच्या विवेकावर सोपवलेले असते. आता मात्र प्रेक्षक आले आहेत. हजार वारांवरच्या बारांची चित्रणे लोक घरबसल्या पाहतात. त्यांत हरीण कोसळताना दिसते. कड्याआड गेलेले हरीण चित्रणात ठेवायला कोण बसले आहे?

दशरथाची गोष्ट येथे अनेकांच्या मनात आली असेल. शब्दवेधाचा त्याला अभिमान होता. न पाहता, केवळ घागर भरल्याचा आवाज ऐकून त्याने बाण सोडला. त्या कथेतला शाप आपण लक्षात ठेवतो. माझे लक्ष आता वेगळ्या ठिकाणी जाते. किंकाळी ऐकल्यावर तो अंधारात नदीकाठी गेला, आपण काय केले ते त्याने पाहिले, आणि तेथून त्या आंधळ्या म्हाताऱ्यांकडे पाणी घेऊन गेला. बाण सोडण्यात तो चुकला. बाणामागे जाण्यात चुकला नाही.

भाच्याला मी शेवटी लिहिले ते असे. वारांचा आकडा मी सांगणार नाही, कारण तो तुझ्या हातावर, बंदुकीवर आणि त्या दिवसाच्या वाऱ्यावर ठरेल. बार काढण्यापूर्वी एवढे पाहा : हरणाने एक पाऊल टाकले तरी नेम ताटाच्या आत राहील का? गोळी कुठे लागली ते तुला इथून दिसेल का? आणि उजेड असेतो तू स्वतः त्या जागी पोचशील का? तिन्हींचे उत्तर होय नसेल तर बंदूक उतरव आणि आणखी जवळ जा, किंवा घरी जा.

त्याने स्वतःपुरती दोनशे वारांची मर्यादा घालून घेतली आहे. दोन हिवाळे तो हरीण न घेता परतला, असे त्याने कळवले. दुसऱ्या खेपेस ऐंशी वारांपर्यंत सरपटत गेला आणि वारा फिरला. त्या ६४० वारांच्या स्नेह्याशी त्याचे बोलणे आहे, पण डोंगरात ते बरोबर जात नाहीत.

अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. गुरुजींच्या तासाला बसलेले निदान चौघे मला समोर दिसत आहेत आणि त्यांचे दोन तट अजून कायम असतील. त्यांनाच पहिली संधी द्यावी अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.